पायगाडीच्या वाटेवरचा बुलढाणा

इतिहास कशावरून लिहावा याविषयीं आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. पण इतिहास कोणत्या वेगानें पाहावा याविषयीं फारसें कोणी बोललेलें नाहीं. बखरी, शिलालेख, ताम्रपट, दप्तरें हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु ज्या भूमीवर तो इतिहास घडला ती भूमि, तिच्यावरचे चढउतार, पाण्याच्या जागा, एका गांवापासून दुसऱ्या गांवापर्यंतचें अंतर, हींहि साधनेंच आहेत. आणि तीं दप्तरखान्यांत मिळत नाहींत. तीं रस्त्यावर मिळतात. रस्ता हा एक लांबच लांब कागद आहे. मात्र तो सावकाश वाचावा लागतो. वाचण्याचा वेग वाढला कीं अक्षरें एकमेकांत मिसळतात व शेवटीं कोरा कागदच तेवढा दिसूं लागतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, आणि पुढें आयुष्यभर ते कागदपत्रांच्या शोधांत गांवोगांव हिंडले. स्थलनामें, नद्या व वसाहती यांविषयीं त्यांच्या लेखनांत जी तीव्र जाण दिसते, ती या हिंडण्यानेंच आली असली पाहिजे. अगदीं अलीकडचें उदाहरण हवें असेल तर तें ग्रॅहम रॉब या इंग्रज ग्रंथकाराचें देतां येईल. फ्रान्सच्या ग्रामीण भागाचा इतिहास लिहिण्यासाठीं त्यानें सुमारें १४,००० मैल सायकलवरून प्रवास केला, आणि चार वर्षें ग्रंथालयांत घालविलीं. २००७ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पॅरिस म्हणजेच फ्रान्स हा जो समज पाठ्यपुस्तकांनीं जगभर पसरविला आहे त्याला या ग्रंथानें चांगलाच धक्का दिला. राज्यक्रांतीच्या ऐन भरांत, १७९४ सालीं, ग्रेग्वार या धर्मगुरूनें राष्ट्रीय सभेपुढें भाषाविषयक अहवाल मांडला होता. शुद्ध फ्रेंच बोलणारे लोक देशांत तीस लाखांहून अधिक नसावेत, असा त्याचा अंदाज होता. दोन कोटींहून अधिक वस्तीच्या त्या देशांत बाकीचे आपापल्या खोऱ्याची बोली बोलत, आपापल्या खोऱ्यापुरताच देश जाणत. हा खोऱ्याखोऱ्यांचा फ्रान्स आगगाडीच्या खिडकींतून दिसत नाहीं. गांवामागून गांव व चढामागून चढ ओलांडणाऱ्याला तो दिसतो.

सायकलीचा स्वतःचा इतिहासहि फ्रान्सशीं निगडित आहे. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस यानें, पायांनीं जमीन रेटीत पुढें न्यावयाचें दोन चाकांचें लांकडी वाहन बनविलें. त्याला पॅडल बसविण्याची कल्पना १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें फलद्रूप झाली, आणि १८६९ च्या नोव्हेंबरांत पॅरिसपासून रूआँपर्यंत १२३ किलोमीटरांची शर्यतहि झाली. १८८५ मध्यें इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें जवळजवळ सारख्या दोन चाकांची, साखळीनें मागलें चाक फिरविणारी सायकल काढली. १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेचा टायर शोधला. आज आपण जिला सायकल म्हणतों ती या दोन युक्त्यांच्या संयोगानें झाली. पुढें १९०३ सालीं एका फ्रेंच वृत्तपत्रानें आपला खप वाढावा म्हणून सहा टप्प्यांची, २,४२८ किलोमीटरांची देशप्रदक्षिणेची शर्यत लाविली. हेतु व्यापारी होता. पण परिणाम असा झाला कीं, आपल्या देशांतले घाट, नद्या व खेडीं यांचीं नांवें सामान्य फ्रेंच मनुष्याच्या तोंडीं बसलीं. १९३६ सालीं कामगारांना वर्षाकाठीं दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा झाला, तेव्हां शहरांतलीं हजारों कुटुंबें सायकलींवर बसूनच खेड्यांकडे निघालीं. ज्या देशाचे ते नागरिक होते तो देश त्यांनीं तेव्हां प्रथमच पाहिला, असें म्हटलें तरी चालेल.

आपल्याकडेहि ही गाडी उशिरां आली नाहीं. ज्या १८८८ सालीं डनलॉपला हवेचा टायर सुचला, त्याच सालीं बेळगांवास किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान घातलें. पुढच्या प्रचंड कारखानदारीचें तें बीज होय. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सायकलवर निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगारा हे तिघे ४४,००० मैलांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत परतले. आपल्या भाषेनेंहि या पाहुणीला ‘पायगाडी’ असें छानसें नांव देऊं केलें होतें. तें टिकलें नाहीं, आणि ‘दुचाकी’ हा दुसरा शब्द पुढें मोटारसायकलीनें बळकावला. पण पायगाडी हा शब्द आम्हांस अधिक खरा वाटतो. या गाडीचें इंजिन म्हणजे आपले पाय. आणि ज्या गोष्टी पायांना कळतात त्या चाकांना कळत नाहींत.

हें सर्व पाल्हाळ बुलढाण्यासाठीं. पायगाडीनें पाहावा असा जिल्हा महाराष्ट्रांत कोणता, असें कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही कोंकणचें किंवा सह्याद्रीचें नांव घेणार नाहीं, बुलढाण्याचें घेऊं. कारण या जिल्ह्याचा सगळा इतिहास एका चढाभोंवतीं गुंफलेला आहे. उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्याची काळी, सपाट, कपाशीची जमीन आहे. तिला पायनघाट म्हणत. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेनें उचलून धरलेलें पठार आहे, तें बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हीं गांवें खालीं; चिखली, मेहकर, देऊळगांवराजा, सिंदखेडराजा, लोणार हीं वर; आणि बुलढाणा या दोहोंच्या उंबऱ्यावर. आजहि जिल्ह्यांतलीं माणसें ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी आपली ओळख सांगतात. नकाशावर ही एक तपकिरी रेघ आहे. मोटारींत ती पंधरा-वीस मिनिटांचीं वळणें आहे. मलकापूरहून मोताळ्यावरून निघून राजूरच्या घाटानें बुलढाण्यास चढणाऱ्या सायकलस्वाराला मात्र ती सुमारें चारशें मीटरांची, घाम काढणारी व विचार करावयास लावणारी वस्तुस्थिति आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण त्याला त्या चढावर पुरती पटते.

चढाच्या पायथ्याशीं, मोताळ्याकडून थोडें आडवाटेस, रोहिणखेड आहे. आज या गांवाचें नांव जिल्ह्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नाहीं. परंतु १४३७ सालीं खानदेशचा सुलतान नासीरखान वऱ्हाडांत शिरला असतां बहमनी सेनापति खलफ हसन बसरी यानें त्याचा येथेंच पराभव केला. आणि १५९१ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठीं निघालेल्या बुऱ्हाण निजामशहाशीं लढतांना, त्या राज्यांत सर्वाधिकारी होऊन बसलेला जमालखान येथेंच पडला. खुदावंदखान महदवी यानें १५८२ सालीं बांधविलेली मशीद त्या काळच्या वैभवाची साक्ष देत अजून उभी आहे. दीडशें वर्षांच्या अंतरानें दोन निर्णायक लढाया याच लहानशा गांवीं कां व्हाव्या? ग्रंथांत या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत मिळतें, आणि ती ओळ आपण विसरतों. सायकलवरून आलेल्या मनुष्याला तें विसरतां येत नाहीं. सरळ उत्तरेस बुऱ्हाणपूर. नैर्ऋत्येस, घाट चढून गेल्यावर, दौलताबाद. मैदानांतून दौडत आलेल्या फौजेला येथें थांबावेंच लागतें, जनावरांना पाणी पाजावेंच लागतें, आणि पुढचा चढ कोणाच्या ताब्यांत आहे हें पाहावेंच लागतें. आपलीहि सायकल तेथेंच थांबते. पाण्याची बाटली काढून आपण वर पाहूं लागतों, आणि जमालखानानें जें पाहिलें असेल तेंच आपण पाहत असतों.

घाट चढून बुलढाण्यास आलें म्हणजे हवा बदलते. बुलढाण्यापासून चिखली सुमारें चोवीस किलोमीटर. चिखलीपासून मेहकर सुमारें चाळीस. मेहकरापासून लोणार पुन्हां चोवीसच्या आसपास. हीं अंतरें दैवयोगानें पडलेलीं नाहींत. बैलगाडीची एक लांब मजल किंवा लहान दोन मजली, असा हा हिशेब आहे. जेथें मजल संपे तेथें विहीर, धर्मशाळा, बाजार व देऊळ असे. जेथें हीं असत तेथें कसबा वाढे. सायकलचा वेग बैलापेक्षां चौपट-पांचपट खरा. पण तहान लागण्याचीं, सांवली शोधण्याचीं आणि दम घेण्याचीं ठिकाणें दोघांचींहि तींच. म्हणून जुन्या वाटांचें व्याकरण सायकलला लगेच उमगतें. श्रीगजानन महाराजांची पालखी आषाढी करून पंढरपुराहून परततांना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर अशा गांवांवरून शेगांवीं येते. तिचे मुक्काम कोणी पुस्तक पाहून ठरविलेले नाहींत; ते या वाटेच्या व्याकरणानेंच ठरविले आहेत.

चिखलीच्या आसपास सातगांव, धोत्रा, साकेगांव अशा खेड्यांतून यादवकाळचीं व त्याआधींचीं दगडी देवळें विखुरलेलीं आहेत. चुन्याचा वापर न करतां घडीव दगडावर दगड बसविलेल्या या बांधणीला लोक सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात, आणि तेराव्या शतकांतल्या त्या करणाधिपाच्या पदरीं त्याच्या जन्मापूर्वींचीं देवळेंहि टाकतात. हेन्री कझिन्स यानें दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या लहान गांवांना वेरूळ-अंबरनाथाच्या पंक्तीस बसविलें, हें आमच्या सुशिक्षितांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? यांपैकीं एकहि देऊळ हमरस्त्यावर नाहीं. तेथें जावयास शेतांतून, ओढ्यांतून, कोणा शेतकऱ्यास वाट पुसत जावें लागतें. आणि वाट पुसण्यासाठीं मोटारीची काच खालीं करणें व सायकलवरून उतरणें यांत फार अंतर आहे. उतरलेल्या मनुष्याला शेतकरी वाट तर सांगतोच, शिवाय देवळाची कथाहि सांगतो.

चिखली व मेहकर यांच्या दरम्यान, सिंदखेडराजा तालुक्यांत, साखरखेर्डा आहे. १७२४ च्या ऑक्टोबरांत निजाम-उल्-मुल्क व दिल्लीच्या बादशहाच्या वतीनें उभा राहिलेला मुबारिझखान यांची गांठ येथें पडली. मुबारिझखान मारला गेला, निजामानें गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेविलें, आणि हैदराबादचें राज्य नांवाखेरीज सर्व बाबतींत स्वतंत्र झालें. ज्या राज्याचा शेवट १९४८ च्या सप्टेंबरांत झाला, त्याचा पाया या पठारावर एका दिवसांत घातला गेला होता. त्यानंतर अनेक वर्षें वऱ्हाडच्या रयतेनें निजाम व नागपूरकर भोंसले या दोन धन्यांना एकाच शेतांतून वाटे दिले. त्या दुअमली कारभाराची कथा बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनीं आपल्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या १९२४ च्या ग्रंथांत मांडली आहे. नांव मात्र निजामाचें टिकलें नाहीं. लोकांनीं आपलें साखरखेर्डाच पुन्हां चालू केलें. फत्ते होते आणि जाते. गांव आपलें नांव सोडीत नाहीं.

मेहकर पैनगंगेच्या कांठीं आहे. बुलढाण्याच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी येथवर आपल्याला सोबत करीत आलेली असते. अकबराच्या वेळीं मेहकर हें सरकारीचें, म्हणजे आजच्या भाषेंत जिल्ह्याचें, ठिकाण होतें. येथील जुन्या धर्मशाळेचे दगडी खांब पाहिले म्हणजे या वाटेवर कोणे एके काळीं किती वर्दळ असेल याची कल्पना येते. १८८८ सालीं येथें जमिनींतून शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ति निघाली. वर ज्या सालाचा दोनदां उल्लेख झाला तेंच हें साल, ही गंमत सहज ध्यानांत येते. बेळगांवास नव्या युगाचें चाक फिरूं लागलें त्याच वर्षीं मेहकरास जुनें युग मातींतून वर आलें. आमच्या देशांत हे दोन व्यापार नेहमींच बरोबर चालतात.

मेहकराहून लोणारकडे जातांना पायगाडीचा खरा उपयोग ध्यानांत येतो. भोंवतालचें पठार जवळजवळ सपाट. कोठेंहि मोठ्या खळग्याची चाहूल नाहीं. पण सरोवराच्या जवळ येतां येतां पॅडल किंचित जड होतें. मोटारीला हा चढ कळतहि नाहीं. हा चढ डोंगराचा नव्हे. हजारों वर्षांपूर्वीं आकाशांतून एक अशनि येथें आदळला, कठीण बेसाल्ट खडक फुटून उधळला गेला, आणि त्या उधळलेल्या दगडमातीचा थर खळग्याभोंवतीं सांचून कडा सुमारें वीस मीटर उंच झाली. आपण जो चढ चढतों तो त्या एका क्षणाचा राडारोडा होय. मग कडा येते, आणि पायांखालीं १.८ किलोमीटर रुंदीचें तें विवर उघडतें. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ सालीं त्याची नोंद केली. तें ज्वालामुखीचें कीं अशनीचें याचा वाद पुढें दीडशें वर्षें चालला, आणि आघातामुळेंच घडणारें कांचेसारखें द्रव्य येथील खडकांत सांपडल्यावर १९७३ सालीं तो अशनीच्या बाजूनें मिटला. त्याच्या वयाविषयीं मात्र शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहे. एका पद्धतीनें तें सुमारें पन्नास हजार वर्षें निघतें, दुसरीनें साडेपांच लाखांहून अधिक. अबुल फजलला या वादाची गरज नव्हती. त्यानें ‘ऐन-इ-अकबरी’ मध्यें, येथें कांच व साबण करण्याचें साहित्य मिळतें, अशी व्यवहारी नोंद केली. २०२० सालीं या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. गांवांतलें दैत्यसूदनाचें मंदिर मात्र शास्त्राच्या फार आधींपासून आपल्या परीनें सांगत आहे कीं, या खळग्याच्या मुळाशीं एक भयंकर पतन आहे.

आणि मग सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ ही जिजाबाईंची जन्मतिथि सामान्यतः मानली जाते, आणि त्या दिवशीं येथें लाखोंचा समुदाय लोटतो. तो लोटावा हें योग्यच आहे. पण समुदायांत ज्या गोष्टी दिसत नाहींत त्या एरवींच्या दिवशीं, गांवाभोंवतीं सायकल सावकाश फिरविली म्हणजे दिसतात. लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याच्या दरवाजाइतकींच येथलीं पाण्याचीं कामें पाहण्यासारखीं आहेत. मोती तलावाचा तो दगडी बांध, चांदणी तलाव, मूर्तींनीं नटलेली पुतळा बारव. पर्जन्य बेभरंवशाचा असलेल्या या पठारावर राज्य करावयाचें तर तरवारीआधीं तळें बांधावें लागतें, हें शहाणपण या गांवाच्या दगडांत आहे. ज्या घरांत जिजाबाई वाढल्या त्या घराचें हें शिक्षण होय. पुढें पुण्याची उजाड जहागीर वसवितांना तें उपयोगी पडलें नसेल असें कोण म्हणेल?

गांवाबाहेर लखुजींची समाधि आहे. २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादेस निजामशहाच्या दरबारीं लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा विश्वासघातानें वध झाला. जिजाबाई त्या वेळीं गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आंत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. हें सर्व पुस्तकांत आहे. पण दौलताबाद येथून किती दूर, ती बातमी घेऊन जासूद कोणत्या वाटेनें आला असेल, त्याला मध्यें जालन्यास घोडा बदलावा लागला असेल काय, हे प्रश्न त्या समाधीच्या विशाल घुमटाखालीं, सायकल भिंतीस टेकवून उभें राहिल्यावरच मनांत उठतात. इतिहास म्हणजे नुसतें काय घडलें तें नव्हे. तें कळावयास किती वेळ लागला हेंहि इतिहासच होय.

आतां प्रश्न असा कीं, इतकें वैभव असलेली ही वाट ओस कां पडली? याचें उत्तर घाटाखालीं आहे. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. पुढच्या दशकांत मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यांतून गेला, कारण इंजिनाला चढ नको होता. त्यापूर्वीं वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर वऱ्हाडचा कापूस दूर गंगाकांठीं मिर्झापुरापर्यंत नेत असत. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला, आणि खामगांव ही हिंदुस्थानांतली एक मोठी कापूसपेठ बनली; इतकी मोठी कीं, १८७० सालीं जलंबपासून खामगांवापर्यंतचा लहानसा लोहमार्ग उघडण्यासाठीं खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो आला. १८६७ मध्यें जिल्ह्याचें मुख्य ठाणें मेहकराहून बुलढाण्यास गेलें, आणि १९०५ मध्यें जळगांव व खामगांव हे घाटाखालचे तालुके या जिल्ह्यास जोडले गेले. रोहिणखेड, साखरखेर्डा, मेहकर, सिंदखेड हीं गांवें जागच्या जागींच राहिलीं. वाटच त्यांच्यापासून उठून गेली. गांवें पुष्कळदां शत्रूनें मरत नाहींत. रस्ता बदलल्यानें मरतात.

दीडशें वर्षांनीं वाट परत आली आहे, पण चमत्कारिक रीतीनें. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं शिर्डीपर्यंत व ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला, आणि तो बरोबर घाटावरून, मेहकर व सिंदखेडराजा यांच्या जवळून जातो. एवढा जिल्हा त्यावरून तासाभरांत ओलांडतां येतो. या महामार्गाची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. शेतमालाला व रोग्याला वेगाची गरज असते. पण त्यावर सायकलला, बैलगाडीला, पायीं जाणाऱ्याला मज्जाव आहे, हेंहि खरें. ज्या वाटेनें गांवें घडविलीं ती गांवांत शिरे. ही त्यांच्या वरून जाते. मेहकर हें आतां एका पाटीवरचें नांव आहे. तें वाचून होण्यापूर्वींच मागें पडतें. अशा स्थितींत जिल्ह्याचा इतिहास दोन टिंबांपुरता उरण्याचा धोका आहे. एक टिंब लोणारचें, एक सिंदखेडराजाचें. मोटार एका टिंबापाशीं थांबते, छायाचित्र घेते, दुसऱ्या टिंबाकडे धांवते. टिंबें जोडणारी रेघ मात्र पुसली जाते. आणि आमच्या मतें इतिहास रेघेंत असतो, टिंबांत नव्हे.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व प्राध्यापकी हौसेचें बोलणें आहे. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें थंडीच्या सकाळीं सायकल काढून देवळें पाहत हिंडावें व त्याला इतिहाससंशोधन म्हणावें, यांत काय विशेष? वैशाखांत वऱ्हाडचें ऊन डोक्यावर घेऊन, मालमोटारींच्या धुरळ्यांतून जो सायकल रेटतो तो दूधवाला, तो शेतमजूर हौसेनें रेटीत नाहीं. दैव फिरलें कीं तो मोटारसायकल घेतो, आणि तें त्याचें करणें बरोबरच आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. सायकल हें दारिद्र्याचें चिन्ह म्हणून ज्यांनीं वागविलें त्यांना तिच्या गुणांवर व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परंतु या जिल्ह्याच्या वाटांवर सायकलस्वारांचा आणखी एक वर्ग आहे, आणि त्याच्यासाठींच हा लेख लिहावासा वाटला. सकाळीं दहाच्या सुमारास घाटावरच्या कोणत्याहि रस्त्यावर पाहावें. शाळेच्या गणवेषांतल्या मुली दोघी-दोघी, तिघी-तिघी सायकलींवरून जातांना दिसतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेंत जाण्यासाठीं सायकली दिल्या जातात. गांवांत आठवीपुढें शाळा नसली कीं मुलीचें शिक्षण संपलें, हा जो जुना हिशेब होता तो दोन चाकांनीं मोडला. या मुलींची वाट रोज ओढ्यावरून, पडक्या बारवेवरून, शेतांतल्या हेमाडपंती देवळावरून जाते. कोणता चढ कोठें सुरू होतो हें त्यांच्या पायांना ठाऊक आहे. भूगोल त्यांना पाठ आहे. तो भूगोल म्हणजेच इतिहास आहे, एवढेंच त्यांना कोणी सांगितलेलें नाहीं.

तें सांगणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे. शाळांच्या सहली बसमध्यें बसून दूर दूर जातात. वर्षांतून एक दिवस ती सहल सायकलींवर, पांच कोसांच्या आंत निघावी. मुलांनीं आपल्या वाटेवरची बारव मोजावी, देवळाच्या दगडांची मांडणी रेखाटावी, म्हाताऱ्यांना गांवाच्या नांवाची कथा विचारावी, आणि तें सर्व एका वहींत लिहून शाळेच्या कपाटांत ठेवावें. दहा वर्षांत अशा वह्यांचें जें दप्तर होईल तें कोणत्याहि पेशवे दप्तराइतकेंच या जिल्ह्याच्या कामीं येईल. त्याला निधि नको, समिति नको. एखादा उत्साही शिक्षक आणि चाकांत हवा, एवढ्यावर तें होण्यासारखें आहे.

जिजाबाईंच्या गांवची मुलगी आज स्वतःच्या पायांच्या बळावर शाळेची वाट तुडवीत आहे. त्या वाटेवरून चारशें वर्षांपूर्वीं कोण आलें, कोण गेलें, कां थांबलें आणि कां उठून गेलें, हें तिला कळलें म्हणजे ती मोती तलावाचा बांध ढांसळूं देणार नाहीं, बारवेंत कचरा टाकूं देणार नाहीं. इतिहासाच्या रक्षणाचा याहून स्वस्त व याहून खात्रीचा उपाय आम्हांस तरी माहीत नाहीं.